पहिल्या लिपीचा मान

इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं त्या काळी मराठी शाळांत इंग्रजीच्या लिपी चार होत्या. पहिली लिपी म्हणजे छापील मोठी एबीसीडी, दुसरी म्हणजे छापील छोटी, तिसरी मोठी पण वळणदार आणि चौथी छोटी पण वळणदार. गुरुजी नियम दोनच सांगत. वाक्याचं पहिलं अक्षर पहिल्या लिपीत काढायचं, आणि विशेषनामाचं पहिलं अक्षरही पहिल्या लिपीत काढायचं. एवढ्या शिदोरीवर पोरं मॅट्रिक झाली, पदवीधर झाली, काही तर इंग्रजीचे प्राध्यापक झाली. कुणाचं काही अडलं नाही. मग घरोघर उपग्रह वाहिन्या आल्या आणि गुरुजींचे दोन्ही नियम निकालात निघाले.

कारण टीव्हीच्या वाहिनीला आपल्या नावातलं एकच अक्षर मोठं असून पुरत नाही. मोठं अक्षर हा इंग्रजीतला मानाचा फेटा. पूर्वी लग्नात तो नवरदेवाला, फार तर मामाला आणि दोन्हीकडच्या कारभाऱ्यांना. हल्ली वरातीतल्या सरसकट सगळ्यांना बांधतात आणि मग नवरदेव कोणता ते विचारावं लागतं. वाहिन्यांच्या नावांचं नेमकं हेच झालेलं आहे.

या लेखापुढची एक अडचण आधीच सांगून टाकतो. विषय रोमन अक्षरांच्या उंचीचा आहे आणि लेख देवनागरीत आहे. त्यामुळे कोणतं अक्षर थोरलं आणि कोणतं धाकटं हे मला तोंडीच सांगावं लागणार. वाचकांनी मनातल्या मनात चाररेघी वही उघडावी.

इंग्रजी पत्रकार या प्रश्नाकडे हसण्यावारी बघत नाहीत. अमेरिकेत असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचं शैलीपुस्तक आहे आणि तिकडच्या वृत्तपत्रांच्या डेस्कवर त्याला पंचांगाचा दर्जा आहे. त्याचा कौल असा: नावातली अक्षरं सुटी सुटी उच्चारत असाल तर सगळी थोरली, शब्द म्हणून सलग वाचत असाल तर फक्त पहिलं थोरलं, बाकीची धाकटी, मग कंपनीचा लोगो काहीही म्हणो. म्हणजे बीएमडब्ल्यू तिन्ही फेट्यांसह, पण फर्निचरवाल्या आयकियाला एकच फेटा, जरी तो दुकानाच्या पाटीवर चार बांधून उभा असला तरी.

हा नियम वाहिन्यांना लावला की एनबीसी, सीबीएस, सीएनएन सुखरूप सुटतात. त्यांची अक्षरं सुटी उच्चारली जातात, प्रत्येकाच्या मागे एकेक शब्द उभा आहे, कागदपत्रं चोख. अडकतो तो फॉक्स. फॉक्सच्या लोगोत एफ, ओ, एक्स ही तिन्ही अक्षरं इमारतीएवढी थोरली. बघणाऱ्याला वाटावं की यात काहीतरी भव्य संक्षेप दडलेला आहे. दडलेलं काही नाही. विल्यम फॉक्स नावाच्या एका गृहस्थांचं ते आडनाव आहे. त्यांनी १९१५ साली चित्रपटांची कंपनी काढली, १९३० साली ती त्यांच्या हातातून गेली आणि १९५२ साली ते स्वतः गेले. टीव्हीचं जाळं त्यांच्या आडनावानं सुरू झालं ते १९८६ साली. म्हणजे ज्यांनी ती वाहिनी एक मिनिटही पाहिली नाही त्यांचं आडनाव, तेही ओरडून. नियमानं इथे एकटा एफ थोरला, आणि शहाणी वृत्तपत्रं तसंच छापतात.

इंग्लंडात तर याहून कडक शिस्त. बीबीसी आणि गार्डियन शब्दासारख्या वाचल्या जाणाऱ्या सगळ्याच संक्षेपांना एक फेटा देऊन वाटेला लावतात. त्यांच्याकडे नासामधला फक्त एन थोरला. न्यूयॉर्क टाइम्सने मध्यम मार्ग काढला आहे: चार अक्षरांपर्यंत सगळी थोरली चालतील, त्याहून लांब शब्द झाला की पहिलंच. म्हणून तिथे नासा संपूर्ण थोरली, पण युनिसेफमध्ये फक्त यू. थोडक्यात, नासाने अटलांटिक ओलांडला की उरलेल्या तीन अक्षरांचं पद उतरतं. चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या संस्थेची ही गत, तिथे सासू-सुनांच्या मालिका दाखवणाऱ्यांनी किती ताणावं?

पण ताणतात. आणि ज्यांचे मूळ शब्द केव्हाच निवृत्त झाले आहेत तेच जास्त ताणतात. टीएलसी म्हणजे एकेकाळी द लर्निंग चॅनेल, ज्ञानार्जनाची वाहिनी. पुढे तिथलं ज्ञानार्जन कमी कमी होत गेलं आणि लग्नाचे पोशाख, केक आणि आगळीवेगळी कुटुंबं आली. लर्निंग गेलं, पण त्याचा एल अजून पदावर आहे. एएमसी म्हणजे अमेरिकन मूव्ही क्लासिक्स. क्लासिक्स मागे पडली, नव्या मालिकांवर वाहिनीचं नाव झालं, पण अखेरचा सी पगार घेतो आहे. एमटीव्हीने १९८१ साली 'म्युझिक टेलिव्हिजन' म्हणून सुरुवात केली. २०१० साली लोगोखालचे ते दोन शब्द काढून टाकले. एम राहिला. तो आता नेमका कशाचा आहे हे विचारण्याची पद्धत नाही. आपल्याकडच्या सरकारी कार्यालयांत योजना बंद होते पण तिचा कक्ष चालू राहतो, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

या सगळ्यांत मला मनापासून आवडतं ते ट्रूटीव्हीचं नाव. पूर्वी ही कोर्टातले खटले दाखवणारी वाहिनी होती, कोर्ट टीव्ही. २००८ साली तिने नाव बदललं. 'ट्रू' मधला शेवटचा ई गाळला आणि उरलेली टी, आर, यू ही तिन्ही अक्षरं धाकटी ठेवली. त्याला चिकटून टीव्ही मात्र दोन्ही थोरल्या अक्षरांत. म्हणजे सत्य लहान आणि टीव्ही मोठा. पत्रकारितेच्या शाळांत वर्षभर शिकवतात ते या गृहस्थांनी पाच अक्षरांत सांगितलं, आणि तेही चुकून.

आता आपल्या अंगणात येऊ. इथली सर्वांत करुण कहाणी ताऱ्याची. १९९१ साली हाँगकाँगहून जे जाळं सुरू झालं त्याचं नाव 'सॅटेलाइट टेलिव्हिजन एशियन रीजन' या चार शब्दांची आद्याक्षरं जोडून बनवलेलं होतं. एस, टी, ए, आर. चारही थोरली, आणि हक्काने थोरली. पण बनला शब्द 'स्टार', आणि तो सुटा सुटा कोण उच्चारणार? मग असोसिएटेड प्रेसच्या पंचांगाप्रमाणे एस तेवढा थोरला राहिला आणि मागचे तिघे धाकटे झाले. त्या तिघांत ए आहे. म्हणजे आशिया नावाचा अख्खा खंड धाकट्या अक्षरात गेला आणि कुठे निषेधसभा झाली नाही.

गोष्ट इथे थांबत नाही. २०१५ साली मोबाइलवर हॉटस्टार आलं. त्यात हॉटचा एच थोरला आणि आतापर्यंत टिकून राहिलेला एसही धाकटा झाला. मग २०२४ साली मोठं विलीनीकरण होऊन कंपनी बनली जिओस्टार, आणि इथे सलग लिहिलेल्या शब्दाच्या पोटात तोच एस पुन्हा थोरला! जरा कुठे बरं वाटतं तोवर फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच कंपनीचं जिओहॉटस्टार आलं. जे थोरला, एच थोरला, एस परत धाकटा. एकाच घरातल्या दोन नावांत एकच तारा, एकात फेटेवाला आणि दुसऱ्यात बोडका. का, तर मध्ये 'हॉट' येऊन बसला. मला वाटतं, न्याय बघायचा तर हे ठीकच झालं. तो एस सॅटेलाइटचा होता, आणि मोबाइलवरची मालिका बघायला उपग्रहाची छत्री लागत नाही.

ताऱ्याला फेट्याचा हक्क होता पण मिळाला नाही, झीचं उलट. झी हा कशाचाही संक्षेप नाही. इंग्रजी मुळाक्षरांतल्या शेवटच्या अक्षराचं ते अमेरिकेतलं नाव आहे. आपल्या गुरुजींनी त्याला जन्मभर झेड म्हटलं. २ ऑक्टोबर १९९२ रोजी वाहिनी सुरू झाली आणि गुरुजींच्या नातवंडांना झेडचं नाव झी आहे असं टीव्हीकडून कळलं. आता एका अक्षराचं नाव लिहायला तीन अक्षरं लागतात हेच आधी विनोदी, त्यात लोगोवर ती तिन्ही थोरली असायची. अक्षर थोरलं काढावं की धाकटं असा प्रश्न खुद्द अक्षराच्याच नावाबद्दल पडावा, यापेक्षा शुद्ध स्वरूपात हा विषय कुठे सापडणार नाही.

तिची मराठी बहीण १९९९ साली आली ती 'अल्फा टीव्ही मराठी' या नावाने. आभाळमाया बघणाऱ्या पिढीला अजून ती अल्फाच आठवते. २००५ साली तिचं झी मराठी झालं. एका बैठकीत ग्रीक मुळाक्षरांतलं पहिलं अक्षर सोडून रोमन मुळाक्षरांतलं शेवटचं घेतलं, आणि मधली सगळी बाराखडी प्रेक्षकांनी एका उडीत पार केली. हिंदी छापखान्यात 'ज'खाली नुक्ता देऊन हेच नाव लिहितात. तो नुक्ता गळला की 'जी टीव्ही' होतं. मोठं अक्षर नाही मिळालं, पण आदरार्थी जी तरी मिळाला.

मराठी प्रेक्षकाने या रोमन अक्षरांची कधी फारशी चौकशी केली नाही. ई टीव्ही मराठी पंधराएक वर्षं ई टीव्ही होती. तो ई मनोरंजनाचा असावा असं समजून लोक जेवत जेवत मालिका बघत राहिले. प्रत्यक्षात तो तेलुगू दैनिक ईनाडूचा ई. स्टार माझाचं २०१२ साली एबीपी माझा झालं, तेव्हा 'माझा' या घरगुती शब्दापुढे येऊन बसलेली तीन अक्षरं आनंदबाजार पत्रिका या बंगाली दैनिकाची होती. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. बातम्या आल्या की पुरे.

आम्हा डेस्कवरच्या लोकांना मात्र असं चालत नाही. मी बरीच वर्षं एका मराठी दैनिकाच्या मनोरंजन पुरवणीत काढली. तिथे वाहिन्यांची प्रसिद्धिपत्रकं यायची आणि त्यांच्या तळाशी बारीक टाइपात ताकीद असायची की वाहिनीचं नाव सर्वत्र मोठ्या अक्षरांतच छापावं. एकदा एका वाहिनीच्या जनसंपर्क खात्यातल्या मॅडमचा फोन आला. पुरवणीत नाव नीट आलं नाही म्हणाल्या. मी अंक पुढ्यात घेतला. ऱ्हस्व-दीर्घ तपासलं, अनुस्वार तपासला, सगळं जागच्या जागी.

"मॅडम, नाव बरोबर आहे."

"बरोबर आहे हो सर, पण कॅपिटलमध्ये नाहीये."

"मॅडम, आमचा पेपर मराठी आहे. देवनागरीत कॅपिटल नसतं."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग अगदी खऱ्या काळजीने त्या म्हणाल्या, "अरे बापरे. मग तुम्ही लोकांना कळवता कसं?"

"काय?"

"की आम्ही कॅपिटल आहोत म्हणून."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी त्यांच्या समाधानासाठी पुढच्या अंकात नाव ठळक टाइपात टाकलं. परिणाम असा झाला की दुसऱ्या दिवसापासून उरलेल्या सर्व वाहिन्यांना ठळक टाइप हवा झाला. दोन आठवड्यांत आमचं पान असं दिसू लागलं की मजकूर फिकट आणि नावं काळीकुट्ट. नट-नट्यांची नावं साधी, त्यांना कामावर ठेवणाऱ्यांची ठळक. एका अर्थी ते वास्तवाला धरूनच होतं. मग संपादकांनी एक दिवस पान हातात घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि सगळ्यांचा ठळकपणा एका फटक्यात काढून घेतला.

आमच्या जुन्या मुद्रितशोधकांची पद्धत निराळी होती. ते संक्षेपात प्रत्येक अक्षरानंतर टिंब देत. बी.बी.सी., सी.एन.एन., एन.डी.टी.व्ही. टिंब म्हणजे प्रतिष्ठा, असं त्यांचं मत. पु. लं.ना टिंबं आहेत, तर बीबीसीला का नकोत? पुढे पानं संगणकावर लागू लागली, टिंबांना जागा जाते असा शोध लागला आणि ती गेली. तशी आपल्या लिपीत या नावांची लांबी हा स्वतंत्र छळ आहे. इंग्रजी माणसाला तीन अक्षरांत जे भागतं त्याला आपल्याला अक्षराचं नव्हे तर अक्षराच्या नावाचं लेखन करावं लागतं. एकट्या डब्ल्यूला रोमनमध्ये एक अक्षर लागतं, इथे तीन जोडाक्षरी मजले. डब्ल्यूडब्ल्यूई या कुस्तीच्या कार्यक्रमाचं नाव एका स्तंभाच्या मथळ्यात बसवणं ही खरी कुस्ती. त्यापेक्षा आपले संक्षेप किती सुटसुटीत! मनसे, शेकाप, अंनिस. आद्याक्षर मात्रेसकट उचलायचं, शेजारी शेजारी ठेवायचं, झालं नाव तयार, आणि ते हाक मारायलाही बरं. फक्त रिपाइंचा शेवटचा अनुस्वार उच्चारायचा कसा, यावर अजून एकमत नाही. पण त्या पक्षात एकमत हा विषयच अवघड.

मुद्रितशोधकांची खरी परीक्षा झाली ती अँड टीव्हीने. झीच्याच घराण्यातल्या या वाहिनीचं नाव सुरू होतं ते अक्षराने नव्हे, इंग्रजीतल्या 'आणि'च्या चिन्हाने. आधी २०१३ साली अँड पिक्चर्स आली, मग २०१५ साली अँड टीव्ही. हे चिन्ह थोरलंही नसतं आणि धाकटंही नसतं, त्यामुळे गुरुजींचे नियम त्याला लागत नाहीत. आणि उभयान्वयी अव्ययाने वाक्य कशाला सुरू करायचं, हा व्याकरणाचा जुना आक्षेप तर आहेच. पहिल्या दिवशी प्रूफात आलेलं वाक्य होतं, 'आणि अँड पिक्चर्स आणि अँड टीव्ही यांवर'. मुद्रितशोधकांनी ते दोनदा वाचलं आणि तांबड्या शाईने चारही 'आणि' छाटून टाकले. उरलं ते 'पिक्चर्स टीव्ही यांवर'. छापूनही आलं. एकाही वाचकाचं पत्र आलं नाही.

आणखी एक नग राहिला. झूम. २००४ साली आलेल्या या वाहिनीच्या नावात झेड धाकटा, पहिला ओ धाकटा, दुसरा ओ थोरला आणि एम धाकटा. इंग्रजी विरामचिन्हांचा आणि अक्षरांचा सगळा इतिहास धुंडाळला तरी शब्दाच्या तिसऱ्या घरात थोरलं अक्षर बसवण्याचा नियम सापडणार नाही. भिंगाखाली एक ओ फुगलेला दिसावा ही कल्पना. लोगो म्हणून छानच. पण तोच शब्द बातमीच्या मजकुरात तसाच छापा म्हणणं म्हणजे पाव्हण्याने फोटोतलं हसू दिवसभर तोंडावर ठेवावं असा आग्रह. लोगो हे चित्र असतं आणि बातमीतलं नाव हे नाव असतं, एवढा फरक केला की नव्वद टक्के भांडणं मिटतात. बरं, कायद्याचीही तशी अडचण नाही. नुसता शब्द म्हणून व्यापारचिन्हाची नोंदणी केली की तो कोणत्याही टाइपात, थोरल्या किंवा धाकट्या अक्षरांत लिहिला तरी संरक्षण तेच राहतं. वर्तमानपत्रात एक अक्षर धाकटं पडलं म्हणून कुणाची मालकी जात नाही.

आता कुणी म्हणेल, देवनागरी किती समतावादी! सगळ्यांवर एकच शिरोरेखा, कुणी थोरलं नाही, कुणी धाकटं नाही. असं म्हणणाऱ्याने एकदा आपल्या तालुक्याच्या चौकात जाऊन वाढदिवसाचा फ्लेक्स बघावा. अक्षरांत भेद करता येत नाही म्हणून आम्ही तो नावाच्या आधी करतो: मा., मा. ना., सन्माननीय, कार्यसम्राट. नावाच्या नंतर करतो: साहेब, दादा, भाऊ, शेठ. त्यानेही भागलं नाही तर चेहऱ्याच्या आकारात करतो. मुंबईच्या नेत्याचं डोकं कलिंगडाएवढं, जिल्ह्याच्या नेत्याचं नारळाएवढं, आणि तळाशी शुभेच्छुकांची लिंबाएवढी डोकी ओळीने. इंग्रजीला यासाठी सव्वीस थोरली अक्षरं लागली. आपण एकही न वापरता काम भागवलं.

वाहिन्यांनाही हा मार्ग मोकळा होता. 'सन्माननीय झी मराठी' किंवा 'कार्यसम्राट स्टार प्रवाह' असं प्रसिद्धिपत्रकात आलं असतं तर आम्ही निमूट छापलं असतं; सवय होती. पण त्यांना थोरली अक्षरंच हवी असतात, आणि तीही फक्त एका प्रकारच्या बातमीत. मालिकेचे हजार भाग पूर्ण झाले, नवा कार्यक्रम आला, पुरस्कार सोहळा झाला, की नावाच्या उंचीवरून फोन. एखाद्या मालिकेचे कलाकार मानधन थकलं म्हणून सेटवर अडून बसले, किंवा एखाद्या दृश्यावरून नोटीस आली, की आम्ही आपलं आमच्या व्यवसायातलं जुनं, जपून लिहायचं वाक्य लिहायचो: 'एका खासगी मनोरंजन वाहिनीवरील'. त्यात ना एकही अक्षर थोरलं, ना ठळक, ना टिंब. इतक्या वर्षांत त्यावर कुणाचीही तक्रार आली नाही. एकदा तर मॅडमनी फोन करून आभार मानले.